घरातली मोठी घटपर्णी: पहिलं वर्ष कसं निभवायचं

घटपर्णी, म्हणजे सुरईसारख्या भांड्यांत किडे पकडणारं झाड, घरी आली की पहिल्याच दिवशी तिला माशी खाऊ घालायचा मोह कुणालाच आवरत नाही. मलाही आवरला नव्हता. माझ्या पहिल्या झाडाला सात सुरया होत्या. दोन आठवड्यांत सातही काठापासून तपकिरी पडत वाळल्या. मी घाबरलो. आधी जागा बदलली, मग कुंडी, मग कुंडीतलं मिश्रण, आणि शेवटी ‘अशक्त झालंय’ म्हणून चमचाभर खतही घातलं. दीड महिन्यात झाड गेलं. सुरया वाळल्या होत्या त्या प्रवासाने आणि बदललेल्या हवेने. झाड मारलं ते मी.

म्हणून सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. झाडाची तब्येत सुरयांवरून जोखू नका, शेंड्याला येणाऱ्या नव्या पानावरून जोखा. सुरई हे फूल नव्हे, फळही नव्हे. ती पानाचाच भाग आहे. पानाची मधली शीर टोकापुढे तणाव्यासारखी लांबते, तिच्या टोकाला छोटी कळी दिसते, ती फुगत जाते आणि एक दिवस झाकण उघडतं. वनस्पतिशास्त्रात तर सुरईलाच खरं पातं मानतात, आणि आपण ज्याला पान म्हणतो तो पानाचा रुंदावलेला तळ. एका पानाला एकच सुरई, तीही एकदाच. कळी करपली तर त्या पानावर दुसरी येत नाही. वाळत्या सुरईसाठी करण्यासारखं काही नसतं. जे करायचं ते पुढच्या पानासाठी.

मी प्रत्येक नव्या पानाच्या बुडाशी सैल दोरा बांधून त्याला तारखेची चिठ्ठी लावतो. मोठ्या जातींना एक पान पुरं व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो आणि सुरई भरायला त्यापुढे आणखी काही आठवडे. तारीख समोर असली की हात आपोआप आवरतो.

पायरी 1: आपल्या हवेला मानवणारी जात निवडा

घटपर्णीचं शास्त्रीय नाव नेपेंथिस. हिच्या 160 हून जास्त जाती आहेत आणि त्या मादागास्करपासून श्रीलंका, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपिन्स, न्यू गिनीपर्यंत पसरल्या आहेत. भारतात एकच जात, मेघालयातली खासियाना. उष्ण कटिबंधातलं झाड म्हणजे त्याला उकाडा आवडणार, असं आपण गृहीत धरतो आणि इथेच फसतो. बऱ्याच जाती डोंगरमाथ्यावरच्या ढगांत वाढतात.

ढोबळ विभागणी अशी: समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या सखल भागातल्या, त्यावरच्या डोंगरी. सखल जातींना दिवसा 25 ते 33 अंश सेल्सिअस आणि रात्री 20 च्या आसपास चालतं. डोंगरी जातींना दिवसा 20 ते 26 आणि रात्री 10 ते 15 अंश लागतात. त्यातही रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा. दिवसा थोडं वरखाली चालून जातं, पण रात्र थंडावली नाही तर डोंगरी झाड एका दिवसात मरत नाही, महिनोन्‌महिने खंगत जातं. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, सुरया यायच्या थांबतात, आणि आपण पाण्यात आणि खतात कारण शोधत बसतो.

सगळ्यांना हवी असते ती ‘राजा’ नावाची जात. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर ह्यू लो या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती 1858 मध्ये मिळाली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी सारावाकचे राजे जेम्स ब्रूक यांच्या नावाने तिचं नामकरण केलं. तिच्या सुरईत तीन लिटरहून अधिक द्रव मावल्याची नोंद आहे. पण ती राहते 1500 ते 2650 मीटर उंचीवर, आणि वाढते अतिशय सावकाश. पहिलं झाड म्हणून ती घेऊ नका. फोटो बघा, समाधान माना.

नवख्या माणसाला मी दोनच नावं सांगतो. एक, ‘मिरांडा’ हा संकर: काटक, भराभर वाढणारा, लालसर ठिपक्यांच्या, वीतभर ते फूटभर लांब सुरया देणारा. दुसरी ट्रंकाटा, फिलिपिन्समधल्या मिंडानाओ, लेयटे आणि समार बेटांवरची. हिची पानं टोकाला कापल्यासारखी, हृदयाच्या आकाराची, आणि सुरया 40 सेंटिमीटरपर्यंत जातात. तिची सखल आणि डोंगरी अशी दोन्ही रूपं मिळतात, त्यामुळे घेताना रोप कोणत्या उंचीवरच्या बियांचं आहे ते विचाराच. बाजारात सर्वांत जास्त दिसणारी व्हेंट्राटा अजून सोपी, पण तिच्या सुरया मध्यम आकाराच्या. हात बसायला ती उत्तम.

खरेदी करताना आणखी एक पाहायचं. राजा आणि खासियाना या दोन जाती सायटिस या, धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि बाकी सगळ्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे देशांबाहेर त्यांची ने-आण परवान्याशिवाय होत नाही. ऊतीसंवर्धनातून (प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून) किंवा बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या. ते एकसारखं, स्वच्छ पानांचं असतं. जाड, जुनं खोड, तुटकी मुळं, ओरखडलेली पानं आणि वर दोन-चार भल्यामोठ्या सुरया असं झाड समोर आलं तर ते रानातून उपटलेलं असण्याची शक्यता दाट. असं झाड सहसा जगतही नाही.

पायरी 2: पहिले तीन आठवडे हात बांधून बसा

झाड आलं की खोक्यातून काढा, एकदा शुद्ध पाणी द्या आणि उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी ठेवा. कुंडी बदलायची नाही. रोपवाटिकेच्या दमट हवेतून झाड थेट आपल्या कोरड्या खोलीत येतं, तेव्हा त्यावर मोठी पारदर्शक पिशवी सैल पांघरा आणि दर दोन-तीन दिवसांनी तिचं तोंड थोडं थोडं मोकळं करत जा. तीन आठवड्यांत पिशवी पूर्ण निघाली पाहिजे. पिशवी असेपर्यंत ऊन अजिबात नको, आत झाड शिजेल.

सुरया वाळू लागल्या तर वाळलेला भाग तेवढा कात्रीने कापा. खालचा अर्धा भाग हिरवा असेल तर राहू द्या, तो अजून काम करत असतो. पान मात्र कापू नका.

प्रवासात सुरयांमधला द्रव सांडलेला असतो. उघडलेल्या सुरईत पाव भाग भरेल इतकं शुद्ध पाणी घातलं की पुरे. काठोकाठ भरू नका. आणि न उघडलेल्या कळीचं झाकण नखाने उचकटून आत बघायचं नाही! आतला द्रव झाड स्वतः तयार करतं आणि तो पुरेसा झाला की झाकण उघडतं. ही उत्सुकता मला दोन सुरयांना पडली आहे.

पायरी 3: उजेड

घरातल्या घटपर्णीला सुरया येत नाहीत याचं पहिलं कारण अपुरा उजेड. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, झाडाला ती संध्याकाळ असते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली: सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि मग दिवसभर भरपूर उजेड. पश्चिमेच्या किंवा दुपारी तापणाऱ्या खिडकीला पातळ पडदा हवा. परीक्षा सोपी आहे. भर दुपारी पानाच्या वर हातभर अंतरावर तळवा धरा. पानावर सावली दिसली, पण तिच्या कडा पुसट असल्या, तर उजेड योग्य. सावलीच दिसत नसेल तर कमी, आणि सुरीने कापल्यासारखी ठसठशीत पडली तर जास्त.

झाडही सांगतं. पानं गर्द हिरवी, लांबट, लोंबती आणि टोकाला नुसता तणावा, सुरईचा पत्ता नाही: उजेड वाढवा. नव्या पानांवर हलकी लाली: उत्तम. पानं फिकट पिवळी पडली, कडक झाली, किंवा कोरडे भाजल्यासारखे डाग आले: थोडं मागे सरकवा. जागा बदलायची तर एका वेळी थोडी आणि मग महिनाभर तिथेच. खिडकी नसेल तर पांढऱ्या एलईडीचा ग्रो लाइट फूटभर वर टांगून बारा ते चौदा तास चालू ठेवा. टायमर लावा, नाहीतर चौथ्या दिवशी तो लावायचा राहतोच.

पायरी 4: पाणी

झाडं मारण्यात नळाच्या पाण्याचा मोठा वाटा आहे. घटपर्णी ज्या जमिनीत वाढते तिथे जवळपास काहीच क्षार नसतात, तिची मुळं त्याच हिशोबाने घडलेली. पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, आधी पानांच्या कडा तपकिरी होतात, मग वाढ खुंटते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर घ्या. 50 पीपीएमच्या आत असेल तर निर्धास्त वापरा, 100 पर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे नको. पावसाचं पाणी सर्वोत्तम. नाहीतर आरओचं किंवा डिस्टिल्ड.

इथे तीन गैरसमज नेहमी भेटतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात, उलट दाट होतात. वॉटर सॉफ्टनरचं पाणी केसांना मऊ वाटलं तरी त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, ते झाडाला आणखी वाईट. आणि एसीतून गळणारं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं, पण ते धातूच्या नळ्या, धूळ आणि बुरशी यांवरून वाहत येतं. मी ते वापरत नाही.

पाणी वरून, सगळ्या कुंडीभर, खालून वाहून जाईपर्यंत द्या. मिश्रण कायम ओलसर हवं, चिंब नको. ते सुकू द्यायचं नाही, पण कुंडी पाण्याच्या थाळीत बसवूनही ठेवायची नाही. थाळीत पाणी साठवायची पद्धत व्हीनस फ्लायट्रॅप आणि उत्तर अमेरिकेतल्या दलदलीच्या सुरईझाडांसाठी आहे. कीटकभक्षी वनस्पती म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की घटपर्णीची मुळं कुजतात.

पायरी 5: दमटपणा

हवेत 60 ते 80 टक्के आर्द्रता असली तर सुरया चांगल्या येतात. 50 च्या खाली कळ्या करपायला लागतात: तणाव्याच्या टोकाची कळी काळी पडून सुकते. आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर झाडाजवळ ठेवा, अंदाजाने चालू नका. दिवसातून चारदा फवारा मारल्याने आपल्याला बरं वाटतं, हवेचा दमटपणा दहा मिनिटांत पूर्ववत होतो. त्यापेक्षा झाडं घोळक्याने ठेवणं, कुंडीखाली खडे आणि पाण्याची परात ठेवणं (कुंडी खड्यांवर, पाण्याला न टेकता) आणि कोरड्या दिवसांत छोटा ह्युमिडिफायर याचा उपयोग होतो. एसीचा किंवा हीटरचा झोत मात्र थेट लागता कामा नये.

काचेची पेटी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. लहान रोपाला ती छान. पण ट्रंकाटाचा घेर काही वर्षांत मीटरभर होतो, तेव्हा पेटी पानांनी भरून जाते आणि सुरयांना जागाच उरत नाही. मोठं झाड हवं असेल तर त्याला पहिल्यापासून खोलीच्या हवेची सवय लावलेली बरी.

पायरी 6: कुंडी आणि मिश्रण

बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको. दोन भाग लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), एक भाग पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि एक भाग ऑर्किडसाठी मिळते ती झाडाची साल, हे माझं नेहमीचं मिश्रण. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे तर ते आधी शुद्ध पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पिळून घ्या. त्यात मीठ असू शकतं. मुठीत दाबून सोडल्यावर मिश्रण परत फुगलं पाहिजे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते.

दीड-दोन वर्षांनी मॉस कुजून लगद्यासारखं झालं की कुंडी बदला. तेव्हा घाबरू नका: घटपर्णीची निरोगी मुळं काळी, बारीक आणि केसांसारखी असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कुजलेलीच वाटतात आणि तो कात्री घेऊन बसतो. कुजलेलं मूळ चिमटीत मऊ लागतं, साल सुटून येते, वास येतो. निरोगी मुळं ठिसूळ असतात, म्हणून जुना गोळा फोडायचा नाही. तो तसाच उचलून थोड्या मोठ्या कुंडीत ठेवा आणि भोवती नवं मिश्रण सैल भरा.

कुंडी उंचावर असू द्या, टांगती किंवा उंच स्टुलावर. जड सुरया काठावरून खाली लोंबतात. जमिनीवरच्या कुंडीत त्या कशातरी अडकून वाकड्या वाढतात.

पायरी 7: खाणं

आता माशीकडे येऊ. घटपर्णी काही झडप घालत नाही. काठावरच्या मधाच्या ओढीने किडा येतो, ओला काठ गुळगुळीत असतो, पाय सरकतो, आतल्या भिंतीवर मेणाचा थर असल्याने वर चढता येत नाही, आणि खालच्या द्रवातली पाचक विकरं त्याला हळूहळू विरघळवतात. खिडकी उघडी राहत असेल आणि मुंग्या-माश्या आत पडत असतील तर तुम्हाला काहीच करायचं नाही.

बंद खोलीत मात्र दर तीन-चार आठवड्यांनी नव्यातल्या एक-दोन सुरयांत एखाददुसरा वाळलेला किडा टाका, पाळीव माशांसाठी मिळतात तसे चालतात. मांस, पनीर, दूध, भात यांतलं काही नको, ते सडतं. सुरई मोठी म्हणून घासही मोठा द्यावा असं नाही. 2006 मध्ये फ्रान्समधल्या लियोंच्या वनस्पती उद्यानात ट्रंकाटाच्या सुरईत चक्क एक मेलेला उंदीर सापडला होता, आणि तो शोधला गेला दुर्गंधीमुळे. दिवाणखान्यात ते परवडणार नाही.

राजा आणि लोवी या डोंगरी जातींची तर निराळीच तऱ्हा. चिचुंद्रीसारखा दिसणारा तिथला एक छोटा प्राणी झाकणाखालचा गोड स्राव चाटायला सुरईवर बसतो आणि बसल्या बसल्या आत विष्ठा टाकतो. झाडाला हवा असलेला नायट्रोजन त्यातून मिळतो. सुरईचा आकारही त्याच्या बैठकीला साजेसा.

कुंडीत खत घालू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. माझा चमचा आठवा.

काही बिघडलं तर

सर्वांत आधी शेंड्याकडे बघा. नवं पान येत असेल आणि आधीच्याइतकं किंवा मोठं असेल तर काही बिघडलेलं नाही, खालची एक-दोन पानं पिवळी पडली तरी. जुनी सुरई काही महिन्यांनी वाळणारच.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा आणि आठवड्याने परत बघा, कारण पहिल्या फेरीत काही निसटतातच. देठाला चिकटलेले खवल्यांसारखे तपकिरी किडे नखाने खरवडून निघतात. नवी पानं चुरगळलेली, चंदेरी ओरखडे असलेली आली तर फुलकिडे असण्याची शंका घ्या. झाड वेगळं ठेवा, पानांच्या मागच्या बाजू धुवा, आणि औषध फवारायचंच झालं तर आधी एका पानावर थोडं लावून आठवडाभर थांबा.

झाड वेल व्हायला लागलं की

दोन-चार वर्षांनी गोलाकार मांडलेल्या पानांच्या मधून खोड लांब होऊ लागतं. घटपर्णी मुळात वेल आहे. काठीचा आधार द्या. वरच्या सुरया खालच्यांपेक्षा वेगळ्या दिसतात, निमुळत्या, नरसाळ्यासारख्या, आणि त्यांचे तणावे आधाराला वेटोळं घालतात. दुसरीच जात निघाली की काय, असं वाटून घाबरू नका. फुलोरा आला तर त्यावरून नर की मादी ते कळेल. एका झाडावर दोन्ही फुलं कधीच येत नाहीत, त्यामुळे एकट्या झाडाला बी धरत नाही.

वेल फार लांबली, तळाशी नवे फुटवे दिसू लागले, की छाटायला हरकत नाही. छाटलेला भाग टाकू नका. दोन-तीन पेरांचे तुकडे करा, पानं निम्मी कापा, खालचं टोक ओल्या मॉसमध्ये खोचा आणि वर पिशवी घालून उजेडात, पण सावलीत ठेवा. महिन्याभरात बेचक्यातून पालवी फुटेल. ती खोडातल्या साठ्यावरही फुटते, त्यावरून मुळं धरली असं समजू नका. आणखी महिना जाऊ द्या, मग देठाला हलकीशी ओढ द्या. तुकडा रुतून राहिला तर पिशवीचं तोंड मोकळं करायला लागा. सहज वर आला तर परत खोचा आणि पिशवी तशीच असू द्या.